नारायणगावकर, विठाबाई भाऊ मांग

(जुलै १९३५–१५ जानेवारी २००२). ढोलकीफडाच्या तमाशातील श्रेष्ठ अभिनेत्री, नर्तकी, गायिका व फडमालकीण. जन्म पंढरपूर येथे एका तमाशा-कलावंत कुटुंबात झाला. विठ्ठलाच्या गावी जन्म म्हणून नाव विठा. वडील भाऊ व चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड त्या काळी नामांकित होता, तर फडाची मूळ उभारणी आजोबा नारायण खुडे यांनी केली होती. विठाबाई या घराण्याच्या तिसऱ्या पिढीतील असून त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्याही याच व्यवसायात उतरल्या. १९५७ व १९९० अशी दोन वेळा त्यांना राष्ट्रपतिपदके मिळाली. ‘तमाशासम्राज्ञी’ ही बिरुदावलीही त्यांना मिळाली. तीच त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

विठाबाईंचे चरित्र सांगताना त्यांच्या नृत्याचे व रूपाचे वर्णन करून थांबण्याची प्रथा आहे. तथापि त्यांच्या आयुष्यातील यश आणि अखेरची विपन्नावस्था या दोहोंचा उलगडा केवळ कलागुणांवरून होत नाही. तमाशाचा फड ही एक कौटुंबिक व्यवसायसंस्था आहे. तिच्यात भांडवल म्हणजे मुख्यतः नाव, आणि ते नाव ज्याच्या अंगावर उभे असते त्यानेच रात्री नाचावे व दिवसा कर्ज फेडावे, अशी तिची घडण आहे. विठाबाई या संस्थेच्या नायिकाही होत्या आणि चालकही. या दुहेरी भूमिकेतच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

परिसर : नारायणगाव हे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील मीना नदीकाठचे बाजारपेठेचे गाव. ते पुणे–नासिक मार्गावर असून दक्षिणेस त्याच मार्गावर आंबेगाव तालुक्यातील मंचर लागते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे पुणे जिल्ह्यातील आणि पारनेर, संगमनेर, अकोले हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील तालुके येथून जवळ पडतात. या पट्ट्यातील जवळजवळ प्रत्येक गावाला ग्रामदैवताची जत्रा असते, आणि बैलगाड्यांची शर्यत, कुस्त्यांचा आखाडा व रात्री तमाशा या तीन गोष्टींवाचून ती जत्रा पुरी झाली असे मानले जात नाही. आंबेगाव तालुक्यातील नागापूरजवळच्या थापलिंग डोंगरावरील खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा, तसेच चैत्र-वैशाखात एकापाठोपाठ एक येणाऱ्या गावोगावच्या जत्रा यांमुळे फडांना या भागात मागणी कधी कमी पडली नाही. कलावंतही याच मातीतून येत. आंबेगाव तालुक्यातील अवसरी, जुन्नर तालुक्यातील शिरोली, पारनेर तालुक्यातील ढवळपुरी आणि शिरूर तालुक्यातील कवठे यमाई या गावांची नावे फडमालकांच्या व कलावंतांच्या आडनावांतून महाराष्ट्रभर पोहोचली. खुडे कुटुंब मूळचे कवठे यमाईचेच. परंतु फडाने नारायणगावचे नाव लावले आणि पुढे गावालाच फडाची ओळख मिळाली.

नारायणगावला ‘तमाशापंढरी’ म्हणतात, ते येथील सुपारीच्या व्यवहारामुळे. गुढीपाडव्याच्या सुमारास मोठमोठ्या फडांच्या राहुट्या येथे लागतात. प्रत्येक राहुटीत फडाचा व्यवस्थापक वही घेऊन बसतो, बाहेर फडाचा फलक झळकतो. गावोगावचे पंच व यात्रा समितीचे लोक या राहुट्यांमधून हिंडतात, भाव करतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. यालाच ‘सुपारी देणे’ म्हणतात. चैत्र पौर्णिमेसारख्या तिथीला असंख्य गावांच्या जत्रा एकदम येत असल्याने त्या तारखेचा भाव चढा असतो. आडतिथीची सुपारी स्वस्तात सुटते. पंचमंडळी कलावंतांची परीक्षा घ्यायला येत नाहीत. ती फलकावरचे नाव वाचतात, मागच्या वर्षी शेजारच्या गावात काय झाले ते आठवतात आणि बोली लावतात. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे नारायणगाव परिसराचे नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक झाले. पण ग्रामीण महाराष्ट्राला ते त्यापूर्वी फार वर्षांपासून या राहुट्यांमुळे ठाऊक होते.

पूर्वपरंपरा : तमाशाचे संगीत बारी आणि ढोलकीफड असे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. संगीत बारीत स्त्रियांचे गायन व नर्तन हेच मुख्य असून पेटी-तबल्याची साथ असते व ती बहुधा कायम थिएटरात चालते. ढोलकीफडात गण, गौळण, बतावणी, लावणी अशा क्रमाने रात्र चढत जाते आणि उत्तररात्री वग सादर होतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज ही त्याची वाद्ये. सरदार, सोंगाड्या, मावशी, सुरते ही त्याची माणसे. फडाला सतत फिरावे लागते. म्हणून संगीत बारीची मालकी व फडाची मालकी यांत मोठा फरक पडतो. फडमालकाला कलावंतांच्या जोडीने वाहने, तंबू, स्वयंपाकी, बिगारी असा सारा संसार पोसावा लागतो.

या रंगभूमीवर स्त्री आली ती उशिरा. पूर्वी स्त्रीभूमिका व नृत्य ‘नाच्या पोऱ्या’ करीत असे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडात संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा आली आणि तिच्या लोकप्रियतेमुळे फडात स्त्री ही केवळ शोभेची नव्हे, तर उत्पन्नाची मुख्य बाब ठरली. परंतु फडाचे नाव पठ्ठे बापूरावांचेच राहिले. पवळेच्या काळी नामवंत नर्तकी होणे शक्य होते, मालकीण होणे दुरापास्त होते. पवळा ते विठाबाई या अंतरात जो पालट झाला, त्याचे माप याच एका गोष्टीने घ्यावे.

घराणे : भाऊ-बापूंच्या फडाच्या नावातच ‘मांग’ हा जातिवाचक शब्द होता आणि विठाबाईंनीही तो अखेरपर्यंत आपल्या नावात ठेवला. आजच्या वाचकास हे चमत्कारिक वाटेल. तमाशाचा वारसा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ आदी समाजांनी सांभाळला. वाद्यवादनाची, विशेषतः हलगीची परंपरा मांग समाजाकडे पिढीजात होती. गावच्या उत्सवात वाजवणे हे ज्यांचे गावकीचे काम, त्यांनी त्याच अंगच्या विद्येवर स्वतंत्र, पैसे मिळवणारा व्यवसाय उभा केला, हा या फडांचा सामाजिक अर्थ आहे. गावकीच्या बदल्यात मिळणारे बलुते हक्काचे असले, तरी ते वेशीबाहेरच्या माणसाला दिलेले होते. सुपारी मात्र भाव करून घेतली जात असे. जातीचे नाव फलकावर मिरवण्यामागे ही धिटाई असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र त्याच जत्रेत, त्याच फडाला गावात पाण्यापासून मुक्कामापर्यंत जातीचे निर्बंध सोसावे लागत, हेही विसरता येत नाही. रात्री ज्यांच्यावर दौलतजादा उधळला जाई त्यांना सकाळी पाणवठा वेगळा असे.

घरातील मुले फडातच वाढत. बैलगाडी, पुढे मालमोटार हेच घर. राहुटी हीच शाळा. विठाबाईंचे मन पाटीपुस्तकात रमले नाही. लावणी, गौळण, भेदिक यांचे संस्कार कानावर लहानपणापासून होत होते आणि कोणत्याही औपचारिक शिक्षणाशिवाय त्यांनी बालवयातच रंगमंचावर सहजतेने पाऊल टाकले. त्यांच्या बहिणीही फडात होत्या. त्यांपैकी केशरबाईंचे नाव जुन्या रसिकांच्या विशेष स्मरणात राहिले. अशा घरात गुरू वेगळा नसतो. बापाची ढोलकी चुकलेल्या पावलाला तिथल्या तिथे अडवते, चुलता संवादाचे टोक हाती देतो, आणि प्रेक्षक उरलेले शिकवतो. हे शिक्षण कठोर खरे. पण त्यातून हजरजबाबीपणा, पल्लेदार आवाज आणि रात्रभर टिकणारा दम ही ढोलकीफडाची तीन मुख्य शस्त्रे हाती येतात. विठाबाईंकडे ही तिन्ही होती.

बंदी व ‘लोकनाट्य’ : विठाबाई वयात येत होत्या त्याच सुमारास तमाशावर मोठे संकट आले. स्वातंत्र्यानंतर लवकरच, बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घालण्यात आली. कलावंतांची उपासमार होऊ लागली, तेव्हा प्रश्नाचा विचार करण्यासाठी महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि पुढे अटी घालून खेळांना परवानगी मिळाली. या घडामोडींचा एक दृश्य परिणाम आजही टिकून आहे : बहुतेक फडांनी आपल्या नावात ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ ही शब्दसंहती घेतली. सुशिक्षितांच्या लेखी ‘लोकनाट्य’ सभ्य होते, ‘तमाशा’ नव्हता. फडांनी दोन्ही शब्द जोडून टाकले. पोवाडे व वगांचा प्रचारासाठी होणारा उपयोग तत्पूर्वीच सिद्ध झाला होता आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांनी त्याचे सामर्थ्य पुन्हा दाखवले. १९५७ साली एका तमाशा-कलावतीला राष्ट्रपतिपदक मिळते, यामागे विठाबाईंच्या गुणांइतकीच ही पालटलेली हवा होती. दहा वर्षांपूर्वी ज्या कलेला कायद्याने दार बंद केले होते तिचीच प्रतिनिधी म्हणून बावीस वर्षांची ही नर्तकी सन्मानित झाली.

अभिनय व नृत्य : ढोलकीफडातील प्रमुख स्त्री-कलावंताचे काम एका रात्रीत अनेक रूपे पालटण्याचे असते. गौळणीत ती मथुरेच्या बाजाराला निघालेली राधा असते. तिथे मावशीबरोबर तिला थट्टामस्करी करावी लागते, पेंद्याला उत्तर द्यावे लागते. लावणीत ती ढोलकीवाल्याशी जुगलबंदी करते. मध्यरात्र उलटल्यावर वगात तीच राणी, पाटलीण अथवा परागंदा झालेली सून होते आणि हसवून झालेल्या प्रेक्षकांना पहाटे रडवते. संवादांची संहिता बहुतांशी तोंडी असते. मुख्य वळणे ठरलेली, बाकी मजकूर त्या त्या रात्री गावाचा रंग पाहून भरायचा. त्यामुळे तमाशातील नटीला ‘नर्तकी’ एवढेच म्हणणे हे अर्धे वर्णन आहे. विठाबाई नृत्यात जितक्या चपळ, तितक्याच वगातील भूमिकांत गंभीर होत्या. अदाकारी, घुंगरांवरील हुकमत आणि खडा आवाज यांबरोबरच समोरच्या गर्दीशी थेट बोलण्याचे धैर्य हा त्यांचा विशेष मानला जातो. ध्वनिक्षेपक नसताना किंवा तो मध्येच बंद पडला असताना हजारोंच्या जमावाला धरून ठेवणे ही त्या काळची कसोटी होती.

रात्रीच्या खेळानंतरही काम संपत नसे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे किंवा चावडीसमोर ‘हजेरी’चा कार्यक्रम असतो. आखाडा सुरू होईपर्यंत तो चालतो. रात्रभर उभे राहिलेले पाय पुन्हा उन्हात बांधावे लागतात, आणि हजेरी आटोपताच सामान भरून पुढच्या गावाची वाट धरावी लागते. चैत्र-वैशाखात असे पाठोपाठचे मुक्काम हेच फडाचे सुगीचे दिवस. दसऱ्यानंतर तंबू लावून तिकिटावर खेळ करण्याचा हंगाम सुरू होतो, तो जत्रांच्या हंगामाला येऊन मिळतो. पावसाळ्याचे चार महिने मात्र उत्पन्न नाही.

१९६२ साली चीनशी झालेल्या युद्धाच्या काळात जवानांसाठी झालेले विठाबाईंचे कार्यक्रमही गाजले. जत्रेच्या गर्दीची सवय असलेल्या कलावतीला सैनिकांची गर्दी परकी वाटली नसावी. याच दशकांत मराठी चित्रपटाने तमाशाला फार मोठे प्रेक्षक मिळवून दिले, पण ते तमाशा-कलावंतांना मिळाले असे नाही. अनंत माने दिग्दर्शित सांगत्ये ऐका (१९५९) हा चित्रपट पुण्यात अडीच वर्षांच्या आसपास चालला. हंसा वाडकर व जयश्री गडकर यांच्या कामाची घरोघर चर्चा झाली. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या पिंजरा चित्रपटात संध्या यांनी तमाशातील नर्तकी रंगवली. पडद्यावरच्या लावणीचे नाजूक, आखीव रूप शहरांत रुजले आणि त्याचीच फर्माईश जत्रेतही होऊ लागली. फडांना नाइलाजाने चित्रपटगीते, रंगीत दिवे व विजेचे जनित्र ही नवी सामग्री घ्यावी लागली. खर्च वाढला; गण-गौळण आक्रसली. विठाबाईंच्या पिढीने हा पालट अंगावर घेतला. त्यांनी जुनी लावणी सोडली नाही, पण नव्या मागणीकडे पाठ फिरवणेही त्यांना परवडणारे नव्हते.

प्रसूतीची घटना : विठाबाईंच्या आयुष्यातील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. नऊ महिने भरलेले असताना त्या खेळात नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या आत गेल्या, राहुटीत बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि बाहेर प्रेक्षकांचा गलका वाढल्यामुळे पदर खोचून पुन्हा रंगमंचावर आल्या. काय घडले ते ध्यानी येताच प्रेक्षकच गहिवरले आणि त्यांनी खेळ थांबवायला लावला. हा प्रसंग भाषणांतून, लेखांतून आणि रंगमंचावरून असंख्य वेळा सांगितला गेला असून कलानिष्ठेचे परमोच्च उदाहरण म्हणून त्याचा गौरव होतो.

या गौरवात एक मोठी गफलत आहे. निष्ठा होती यात शंका नाही. परंतु प्रसंगाचा खरा अर्थ फडाच्या व्यवहारात शोधायला हवा. खेळ अर्धवट राहिला तर सुपारीची उरलेली रक्कम अडते. गाव बिथरले तर तंबू, वाद्ये, प्रसंगी माणसेही सुरक्षित राहात नाहीत. आणि एका गावात खेळ मोडल्याची बातमी पुढच्या पाडव्याला राहुटीत भाव पाडते. शंभरावर माणसांचे दुसऱ्या दिवशीचे जेवण ज्या बाईच्या नावावर अवलंबून, तिला प्रसूतीची रजा देणारा कोणी नव्हता, कारण मालकही तीच होती. दिवस भरलेल्या स्त्रीला नाचावे लागणे, जवळ सुईण किंवा वैद्यकीय मदत नसणे आणि मूल जन्मताच पुन्हा उभे राहावे लागणे या गोष्टी अभिमानाने सांगण्याजोग्या खचित नाहीत. फडांतील इतर स्त्रियांनीही असेच दिवस काढले आहेत. त्यांचे प्रसंग कोणी लिहून ठेवले नाहीत, एवढाच फरक.

फडमालकीण : भाऊ-बापूंच्या पश्चात फडाची धुरा विठाबाईंकडे आली आणि ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ हे नाव फलकावर आले. या नावाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे स्वतःचे नाव, मागे बापाचे, मग जात आणि शेवटी गाव. नवऱ्याचे नाव त्यात कोठेच नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील विवाहित स्त्रीचे नाव ज्या क्रमाने उच्चारले जाते त्या क्रमाला हे सोडून होते. फडाची पत बापाच्या नावावर उभी होती, म्हणून ते नाव टिकवणे हा व्यवहार होता. तरीही लेक ही बापाच्या व्यवसायाची आणि नावाची वारस ठरली. ज्या घरांत शेतजमीन होती तेथे त्या काळी हे क्वचितच घडत असे. लेकीच्या अंगची विद्या हीच मालमत्ता असलेल्या घरांत ते घडू शकले.

फडाचे अर्थकारण मात्र मालकाला सहसा श्रीमंत होऊ देत नाही. हंगामाच्या आरंभी कलावंतांना ‘उचल’ द्यावी लागते. ही आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय ढोलकीवाला, सोंगाड्या किंवा नर्तकी फडावर येत नाही. पावसाळ्यात घरी चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांनाही दुसरा मार्ग नसतो. उचलीसाठी मालक सावकाराकडून, अनेकदा फार चढ्या व्याजाने, पैसे उभे करतो आणि तारण म्हणून येणाऱ्या हंगामातील सुपाऱ्याच बांधून टाकतो. वाहनांची दुरुस्ती, तंबू-कनातीचा खर्च, पोलीस परवाने हे वेगळेच. यात अवकाळी पाऊस झाला, निवडणुकीमुळे परवाने अडले किंवा दुष्काळाने जत्रा आटोपत्या घेतल्या गेल्या, की वर्ष बुडाले. १९७२ चा दुष्काळ बहुतेक फडांना जड गेला. पुढे कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे जुन्नर-आंबेगावच्या मोठ्या भागात बागायत वाढली, ऊस-द्राक्षांबरोबर टोमॅटोचा पैसा आला आणि जत्रांच्या सुपाऱ्यांचे आकडेही फुगले. परंतु तोवर चित्रवाणी, व्हिडिओ व वाद्यवृंद हे प्रतिस्पर्धी मैदानात उतरले होते.

फड वाढतो तसा तो फुटतोही. सर्व कलावंत एकाच घरातील असल्याने घरातील प्रत्येक लग्न, प्रत्येक रुसवा हा धंद्याचा प्रश्न होतो. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे, मालती इनामदार, संध्या माने व भारती सोनवणे आईच्या तालमीत तयार झाल्या. त्यांपैकी मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभारून सातारा जिल्ह्यातील करवडी हे गाव आपल्या नावाशी जोडले व पुत्र नितीनकुमार यांच्यासह तो नामांकित केला. मालती इनामदार यांचाही वेगळा फड झाला. पुत्र कैलास यांनी नारायणगावकर हे नाव चालवले. लेकीचा फड मोठा होणे हा आईच्या शिकवणीचा विजय खरा. पण पाडव्याला एकाच रांगेत आईची व लेकीची राहुटी लागली की गावचे पंच दोन्हीकडे भाव करून पाहतात. नामवंत कलावंत बाहेर पडला की जुन्या फडाचा भाव उतरतो, आणि येथे बाहेर पडणारी पोटची मुलगी होती. घराण्याची कला वाढत असताना मूळ फड क्षीण होत जाणे, ही तमाशातील घराण्यांची जुनीच शोकांतिका आहे. ती विठाबाईंच्याही वाट्याला आली.

१९९० साली दुसऱ्यांदा राष्ट्रपतिपदक मिळाले तेव्हा विठाबाई पंचावन्न वर्षांच्या होत्या. या वयात संगीत नाटकाचा गायक-नट ज्येष्ठ म्हणून बैठकीत गाऊ शकतो. ढोलकीफडातील स्त्रीला तशी सोय नाही. तिचे शरीर थकले की तिच्यासाठी फडात मावशीचे काम उरते, नाही तर घर. निवृत्तिवेतन, विमा, साठवलेली पुंजी यांपैकी काही असण्याचा प्रश्न नव्हता. अखेरची वर्षे विठाबाईंनी आजारपणात व आर्थिक ओढाताणीत काढली. पदकांच्या मागे रोख रक्कम नव्हती आणि सन्मानपत्रावर उचल मिळत नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णालयाचे देयक भागवण्यासाठी लोकांनी दिलेल्या देणग्यांचा आधार घ्यावा लागला.

निधनोत्तर स्मृती : २००६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ‘तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार’ सुरू केला. तमाशाच्या क्षेत्रात दीर्घकाळ सेवा केलेल्या कलावंतास तो दिला जातो. त्याचा पहिला मान तुकाराम खेडकरांच्या फडातून पुढे आलेल्या व स्वतः फडमालकीण असलेल्या कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांना मिळाला. पुढील मानकऱ्यांत वसंत अवसरीकर, गंगाराम कवठेकर, मंगला बनसोडे यांची नावे आहेत. अवसरी आंबेगाव तालुक्यात, कवठे शिरूर तालुक्यात. म्हणजे पुरस्कार ज्या मातीतून आला त्याच मातीकडे अनेकदा परतला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीने स्वीकारण्याचा प्रसंग घराण्यांच्या कलेत क्वचितच येतो. पुरस्काराबरोबर रोख रक्कम दिली जाते हे विशेष नोंदवण्याजोगे आहे. विठाबाईंच्या अखेरच्या दिवसांचे ते उशिराने दिलेले उत्तर म्हणता येईल. मात्र वृद्ध कलावंतांपैकी एकालाच वर्षाकाठी पुरस्कार मिळतो, इतरांना शासनाचे तुटपुंजे मानधन आणि त्यासाठी करावे लागणारे अर्जविनंत्यांचे फेरे उरतात.

एकविसाव्या शतकात फडांपुढील अडचणी वेगळ्या झाल्या. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई केली, आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाचा कणाच मोडला. तीन तासांत गण, गौळण, लावण्या व वग बसवायचे तर वग कापला जातो; आणि तमाशातील अभिनेत्रीचे खरे कसब वगातच होते. २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे साथीच्या निर्बंधांमुळे जत्रांचा हंगाम बुडाला. राहुट्या लागल्या नाहीत, उचल फिटली नाही, अनेक कलावंतांनी मोलमजुरी पत्करली. निर्बंध उठल्यावर नारायणगावच्या रस्त्याकडेला पुन्हा राहुट्यांची रांग लागली. तिच्यातील फलकांवर आजही अनेक ठिकाणी विठाबाईंचे नाव असते. कोठे ते आईचे म्हणून, कोठे आजीचे म्हणून लिहिलेले असते, आणि गावचे पंच ते वाचून आत शिरतात व तारखेचा भाव विचारतात.